समस्त बेलखणीकर

"आमचे कुणी दिसले तर सांगा हं," असं म्हणून ते उठायचे. चहा अर्धा कपात असायचा, समोरचा माणूस वाक्याच्या मध्यावर असायचा, पण ते उठायचे. चपला पायात सरकवताना पुन्हा मान वळवायचे आणि सांगायचे, "बेलखणीकर. बेलखणीचे ते बेलखणीकर." जणू मधल्या क्षणात आम्ही विसरलोच असू.

विसरायची सोय नव्हती. भोपाळच्या तात्या टोपे नगरात आमची जी क्वार्टरांची ओळ होती, तिच्यातल्या प्रत्येक घराला हे वाक्य पाठ झालं होतं. समोरच्या सिंधी बाईंना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, पण "आमचे कुणी दिसले तर" एवढं त्या झकास म्हणायच्या आणि आम्ही सगळे हसायचो. तेही हसायचे. मात्र विचारायचे थांबत नसत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नवी ओळख झाली की "कसं काय" वगैरे न म्हणता सरळ "तुम्ही कुठले?" विचारणारी. आपण सांगावं पुण्याचे, तर "तसं नव्हे, मूळचे?" मूळचे सांगावं, तर "त्याच्या आधीचे?" मला असल्या चौकशांचा राग येतो. मी पुण्यात वाढले आणि एका दुपारी नवं नाव, नवं आडनाव घेऊन पाटावरून उठले. ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं गेलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. माझ्या आधीच्या आडनावाचं काय झालं हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्यामुळे एका धडधाकट पुरुषानं आडनावापायी इतकं कासावीस व्हावं, याचं मला सुरुवातीला हसूच यायचं.

त्यांच्या वयामुळे मी त्यांना काका म्हणे आणि ते मला सूनबाई म्हणत. माझे यजमान आणि ते एकाच कचेरीत, एकाच खोलीत समोरासमोर बसत. आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत होती, आणि तिच्यावरून वाटीभर साखरेपासून घरातल्या भांडणांपर्यंत सगळं इकडून तिकडे जात असे.

साल छप्पन. नागपूरची राजधानी गेली आणि नव्या राज्याची राजधानी भोपाळला झाली. मग फायली, लोखंडी कपाटं, टायपिंगची यंत्रं आणि ती चालवणारी माणसं असं सगळं गाड्या भरभरून इकडे आलं. काहींच्या वाट्याला मुंबई राज्य आलं, काहींच्या वाट्याला भोपाळ. सख्ख्या भावांतला एक इकडे आणि एक तिकडे असंही झालं. क्वार्टरांच्या भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास येत होता, रस्ते नुसते आखलेले होते, आणि संध्याकाळ झाली की वारा काळ्या खडकांवरून धूळ आणून थेट ताटात टाकायचा. कुणाचंच मन लागत नव्हतं. दोन मराठी माणसं भेटली की नागपूरची संत्री, बर्डीवरची दुकानं, तिथला उन्हाळासुद्धा आठवून उसासे टाकायची.

काका मात्र नागपूरसाठी कधी हळहळले नाहीत. "नागपूर मामाचं नं," एवढंच म्हणायचे.

ते अगदी लहान असताना त्यांचे वडील वारले. त्यांच्या पाठोपाठ आईही गेली आणि मामानं त्यांना वाढवलं. मामानं खायला घातलं, शिकवलं, नोकरीला चिकटवूनही दिलं. पण मामाच्या घरातले देव मामाचे, गाव मामाचं, सणावारी येणारे भाऊबंदही मामाचे. वडिलांकडून या पोराला मिळालं ते फक्त आडनाव. बेलखणी कुठे आहे, तिथे आपलं कोण आहे, आपलं कुलदैवत कोणतं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप सांगतात, म्हणून ते काश्यप सांगत. आणि त्यांच्या देवघरात, जिथे कुलदैवताचा टाक असायला हवा, तिथे एक सुपारी होती. दर नवरात्रात काकू त्या सुपारीपुढे घट बसवायच्या आणि माळ बांधता बांधता म्हणायच्या, "तू जी कोण असशील ती."

बेलखणीकर शोधण्याची त्यांची एक पद्धत होती. नव्या वस्तीत कुठेही गेले की ते हात मागे बांधून दारांवरच्या पाट्या वाचत चालायचे. देशपांडे, बोबडे, घाटे, मिश्रा, पुन्हा देशपांडे. "पाहिलं? देशपांडे तिसरे," असं मला भिंतीवरून सांगायचे. "यांना काही काळजी आहे का? कुठंही जावं, दोन देशपांडे आधीच येऊन बसलेले असतात." हे सांगताना त्यांच्या आवाजात चक्क असूया असायची. जोशी, कुलकर्णी यांच्यावर तर त्यांचा खासच राग. इतकी आडनावं एकाच ठिकाणी सांडावीत आणि आपल्या वाट्याला एकही येऊ नये, हा त्यांना पक्षपात वाटायचा.

जवाहर चौकातल्या यच्चयावत दुकानदारांना त्यांनी सांगून ठेवलं होतं. इटारसीला गाडी बदलायची असली की फलाटावर ओरडून विचारायला त्यांना लाज वाटत नसे. अशा चौकशांतून त्यांनी दोन बेलखण्या शोधून काढल्या होत्या. एक बैतूलकडची, एक खानदेशातली. दोन्हीकडे जाऊन आले. रजा टाकून, नवं धोतर नेसून, बरोबर पेढे घेऊन गेले. दोन्हीकडे एकच प्रकार झाला. गावात पाटील होते, माळी होते, सोनार होते, बेलखणीकर कुणीच नव्हतं. परत आल्यावर पेढ्यांचा पुडा त्यांनी आमच्याकडे दिला आणि म्हणाले, "गाव बेलखणी आणि एकही बेलखणीकर नाही. हे कसं काय सूनबाई?" मला तरी काय ठाऊक. पेढे मात्र चांगले होते.

हे सगळं असंच चाललं असतं आणि आम्हीही हसत राहिलो असतो, पण त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी, दिसायला देखणी, ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घराण्यातलं स्थळ. मंडळी तालेवार आणि सोवळ्यातली. त्यांनी काश्यप गोत्र मान्य केलं, कुलदैवताचं फारसं विचारलं नाही, पत्रिका जुळली. काकू मोकळ्या झाल्या. काकांची मात्र झोप उडाली.

आपल्याकडे लग्नाची पहिली अक्षत कुलदैवताला देतात, मग भाऊबंदांना, मग जगाला. काकांच्या घरात पहिली अक्षत द्यायला देव नव्हता आणि दुसरी द्यायला भाऊबंद नव्हते. पत्रिका छापून आली, तिच्यात खाली "आपले नम्र, समस्त बेलखणीकर परिवार" असं ठसठशीत होतं. काकू म्हणाल्या, "समस्त म्हणजे आपण तिघं. त्यातली एक चालली." पत्रिकांचा गठ्ठा दिवाणावर पडून राहिला, आणि पहिली कुठे द्यायची ते ठरत नाही तोवर एकही वाटू द्यायला काका तयार होईनात. घरात येरझारा, अंगणात येरझारा. आमच्या यजमानांना कचेरीत त्यांच्या खुर्चीचा आवाज सहन होईना.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात जवाहर चौकातल्या घड्याळवाल्यानं त्यांना रस्त्यावरून हाक मारली. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला तो गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधत असे. "को खाँ," तो आपल्या भोपाळी बोलीत म्हणाला, "आपके नाम के एक साहब और आए हैं. कारखाने में इंजीनियर हैं. हमने तो कह दिया, आपके भाई यहाँ बरसों से ढूँढ़ रहे हैं."

तेव्हा शहराबाहेर मोठा सरकारी कारखाना उभा राहत होता आणि देशभरातून इंजिनिअर येत होते. काका घरी आले ते धावतच. रविवारी जायचं ठरलं. मला म्हणाले, "सूनबाई, तूही चल. बायका बरोबर असल्या की घर लवकर मोकळं होतं." काकूंनी जरीकाठी लुगडं नेसलं, हळदीकुंकवाची डबी घेतली. काकांच्या पिशवीत नारळ, पत्रिका आणि कुंकू लावलेल्या अक्षता. देव नाही तर नाही, पहिली अक्षत निदान रक्ताच्या माणसाला जाईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बसमध्ये ते दोनदा जागा बदलून बसले.

दार उघडलं ते एका तिशीतल्या माणसानं. काका उंबऱ्यातच म्हणाले, "मी बेलखणीकर."

"मीपण," तो हसून म्हणाला.

काकांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. आत बसलो. इंजिनिअरच्या बायकोनं पोहे आणले. काका खुर्चीच्या कडेवर बसून एकामागून एक प्रश्न विचारत होते. बेलखणी कुठली? अचलपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. म्हणजे तिसरी. काकांना तिसरी ठाऊकच नव्हती. वडील काय करत? आजोबा कुठे असत? काकांची पाठ भिंतीकडे होती. त्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, समोर लहानशी फुलदाणी. मी ती पाहिली आणि काकूंकडे पाहिलं. काकूंनीही पाहिली होती. त्यांनी पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली.

"बरं, गोत्र कोणतं आपलं?" काकांनी विचारलं.

"गोत्र नाही काका," इंजिनिअर म्हणाला. आवाज साधा होता, त्यात ताठा नव्हता आणि संकोचही नव्हता. "आम्ही बौद्ध आहोत. वडिलांबरोबर मीही नागपूरला दीक्षा घेतली. त्याआधी आमची वस्ती गावाबाहेर, नाल्यापलीकडे. मला अचलपूरच्या शाळेत घातलं तेव्हा मास्तर म्हणाले, जातीवरून हाक मारतील अशी नावं नकोत, गावाचं नाव लावू. तसा मी बेलखणीकर झालो."

मग काकांनी जे विचारलं ते मला अगदीच अनपेक्षित होतं. "पण मी दोन बेलखण्यांना जाऊन आलो. तिथं तर बेलखणीकर कुणीच नाही."

इंजिनिअर मनापासून हसला. "कसा असेल? बेलखणीत सगळेच बेलखणीचे. तिथं हे आडनाव कोण कशाला लावेल? गाव सोडतो तोच बेलखणीकर होतो. तुमच्या कुणीतरी सोडलं असेल. मी सोडलं."

"गावात देवी आहे?"

"आहे. टेकडीवर देऊळ आहे. मी आतून पाहिलेलं नाही."

काकू उठल्या. काकांचा हात पिशवीत होता, अक्षतांच्या पुडीवर. तो हात रिकामाच बाहेर आला. "येतो," ते म्हणाले, आणि आमच्या पुढे झपाझप चालत बसच्या थांब्यापर्यंत गेले. इंजिनिअर दारात उभा राहून आमच्याकडे पाहत होता. त्याच्यासाठी नवीन काही घडलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. काकूंचं म्हणणं सरळ होतं. "गाव एक असेलही, नसेलही. ही तिसरीच बेलखणी आपली कशावरून? पोरीचं लग्न होऊ द्या. ग्वाल्हेरला कळलं तर ते मोडतील. तुमच्या हौसेपायी मी पोरीला घरात बसवून ठेवणार नाही." त्यांचं काय चुकत होतं? ग्वाल्हेरची मंडळी खरोखरच मोडू शकली असती, त्या काळात त्याला फार कारण लागत नसे. आणि अक्षत दिली नाही, तर आयुष्यभर शोधून मिळालेला एकुलता एक बेलखणीकर काका आपल्या हातानं दूर करणार होते. ते जेवायला बसायचे आणि भात कालवून तसाच ठेवायचे. नळाला पाणी यायचं, बादली भरून वाहायची, आणि ते शेजारी उभे असायचे.

एकदा भिंतीजवळ येऊन मला म्हणाले, "सूनबाई, त्या पोरानं फसवलं असतं तर बरं झालं असतं. सांगायचं होतं काश्यप. मी मानलं असतं नं. मला कोण तपासायचं होतं?"

"मग तुम्ही त्याला मानलं असतंत, की त्याच्या काश्यपाला?" मी विचारलं. मी थोडी तोडूनच बोलले, कारण मला त्या माणसाचा दारातला चेहरा आठवत होता. काका तसेच वळले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच कारखान्याच्या वसाहतीत जाऊन आले. संध्याकाळी भिंतीवर कोपर टेकून त्यांनी मला सगळं सांगितलं. अक्षत पुढे केली तेव्हा इंजिनिअरनं ती लगेच घेतली नाही. त्यानं विचारलं, "बोलावता आहात, पण पंगतीत बसवाल कुठे?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, शेवटच्या पंगतीत, घरच्यांच्या. मुलीच्या बापाला तोवर जेवण मिळत नाही. तुम्हाला भूक सोसेल का?"

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, सोसेल. सवय आहे." काकांनी भिंतीवरची धूळ हातानं पुसली. "आणि म्हणाला, देवाला हात जोडणार नाही, मुलीवर अक्षता टाकीन. म्हटलं, टाका."

त्या रात्रीच पत्रिकांचा गठ्ठा सुटला. काकूंनी पत्रिकांवर पत्ते घातले, पण नवऱ्याशी त्या चार शब्दही बोलत नव्हत्या.

लग्न एका शाळेच्या सभागृहात झालं. इंजिनिअर आणि त्याची बायको वेळेवर आले, अक्षता टाकल्या, आणि बाजूला उभे राहिले. पहिली पंगत बसली, उठली. दुसरी बसली. मी वाढायला होते, त्यामुळे पुढचं सगळं मी अगदी जवळून पाहिलं. मुलाचे मामा, मोठे हौशी गृहस्थ, पंगतीतून काकांना म्हणाले, "अहो व्याही, ते सुटातले पाहुणे केव्हाचे ताटकळतायत. त्यांना बसवा की इथे."

"ते पाहुणे नाहीत," काका म्हणाले. "घरचे आहेत. माझ्याबरोबर जेवतील."

"असं? कोण हे?"

"बेलखणीकर."

मामा खूश झाले. मुलीच्या बापाला कुणी नाही असं त्यांनी ऐकलं होतं. पानावरून वळून त्यांनी इंजिनिअरला हात केला. "या, या. म्हणजे तुम्हीही काश्यप."

इंजिनिअरनं आधी काकांकडे पाहिलं. एवढी सवड त्यानं त्यांना दिली, हे मी कधी विसरणार नाही. काकांनी मान हलवली, सांगा म्हणून. मग त्यानं सांगितलं, जसं आम्हाला सांगितलं होतं तसंच, तेवढ्याच साध्या आवाजात.

आरडाओरडा झाला नाही. मामांनी द्रोण बाजूला सरकवला आणि ते पानावर पाणी सोडून उठले. त्यांच्यामागे आणखी काही माणसं उठली. नवरामुलगा मान खाली घालून जिलबी खात राहिला, तो उठला नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. लग्न लागून गेलं होतं, ते आता कुणाला मोडता येत नव्हतं. मुलगी संध्याकाळच्या गाडीनं ग्वाल्हेरला गेली. शेवटच्या पंगतीत काका, माझे यजमान, मी, इंजिनिअर आणि त्याची बायको असे बसलो. काकू वाढत राहिल्या. "तुम्हीही बसा," असं इंजिनिअरची बायको दोनदा म्हणाली, पण काकू बसल्या नाहीत.

किंमत मोजावी लागली ती पुढे. दिवाळसणाला जावई आले नाहीत, मुलीलाही पाठवलं नाही. काकूंनी केलेल्या करंज्या, अनारसे डब्यात राहून खवट झाले. संक्रांतीला पत्र आलं, मुलीच्या अक्षरातलं पण मुलीचं नसलेलं. त्या घरात तिला माहेरचं नाव काढायची चोरी झाली होती. काकू भिंतीपाशी येऊन रडायच्या. "यांना समस्त पाहिजे होते नं," म्हणायच्या. "मिळाले. माझी एक होती, ती गेली." काका हे ऐकत असायचे. शेजारून जाणाऱ्याला ते आता "आमचे कुणी दिसले तर" असं म्हणत नसत, पण पाय काही स्वस्थ नव्हते. अंधार पडेपर्यंत ते खडकांच्या बाजूनं फिरत राहायचे. ते असे हिंडताना दिसले की मला आता हसू येत नसे.

त्याच हिवाळ्यात ते इंजिनिअरबरोबर त्याच्या बेलखणीला जाऊन आले. काकूंनी देवीच्या ओटीसाठी खण आणि नारळ बरोबर दिला होता. राग होता तरी दिला होता. काका परत आले आणि खण-नारळ जसाच्या तसा काकूंच्या हातात ठेवला. "देऊळ बंद होतं," म्हणाले. काकूंनी नारळ फोडून चटणी केली. तिकडच्याबद्दल पुन्हा त्या घरात कुणी काही बोललं नाही.

पुढे काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा अशोका गार्डनमध्ये रेल्वेलाइनीजवळ दोन खोल्या घेतल्या. मुलगी पहिल्या बाळंतपणानंतर येऊ लागली, ग्वाल्हेरचा ताठा हळूहळू मऊ झाला. पण तोवर काका थकले होते. एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. मी आणि माझे यजमान पोचलो तेव्हा मुलगी आणि जावई आलेले होते. सुतक धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

तेरावा झाल्यावर एके सकाळी इंजिनिअर भेटायला आला. त्याची बदली दुसऱ्या प्रांतात झालेली होती, बातमी त्याला उशिरा कळली. मी काकूंजवळ बसले होते. मुलगी सासरी परतली होती. बोलण्यासारखं थोडंच होतं. बोलता बोलता काकू म्हणाल्या, "त्यांच्या मनात एक राहून गेलं. एवढ्या लांब गेले आणि देवीचं दर्शन झालं नाही. देऊळ नेमकं बंद."

इंजिनिअर गोंधळला. "बंद कुठे होतं?" तो म्हणाला. "उघडंच होतं काकू. आम्ही टेकडीखाली आलो. मी म्हटलं, तुम्ही वर जाऊन या, मी इथे थांबतो. ते पहिल्या पायरीपाशी गेले, उभे राहिले आणि परत आले. मी पुन्हा म्हटलं, जा, मला वाईट वाटणार नाही. म्हणाले, राहू दे, आधी तुमच्या घरी जाऊ."

मग काकूंनी विचारलं, "गावात त्यांचं कुणी निघालं?"

"नाही. कुणाला काही ठाऊक नव्हतं. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाही विचारलं. ती बेलखणी त्यांची असेल असंही नाही. माझी आत्या तिथं राहते. तिच्याकडे गेलो."

"तिथं जेवले?"

"जेवले. भाकरी आणि वांग्याची भाजी. पुन्हा मागून घेतली." इंजिनिअर किंचित हसला. "जेवण झाल्यावर आत्याच्या अंगणात बाज होती, तिच्यावर आडवे झाले. म्हणाले, जरा पाठ टेकतो. आणि झोपले ते झोपलेच. संध्याकाळची मोटार आली, उभी राहिली, गेली. मी उठवायला निघालो होतो, तर आत्यानं हात धरला. मला म्हणे, निजू दे त्याले. घरी आला हाये तो."

काकू उठल्या, म्हणाल्या, "थांबा, चहा टाकते," आणि आत गेल्या. आम्ही दोघं बाहेर बसून राहिलो. बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही.